शंकेची पाल

मी स्टुलावरून पडलो हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. का पडलो, ते मात्र सुरुवातीला मला आणि एका पालीला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे ते विमा कंपनीला कळलं, कंपनीच्या टीपीएला कळलं, शिवाजीनगर कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला कळलं, बंगळुरूच्या जावयाला कळलं आणि शेवटी कोपऱ्यावरच्या वाण्यालाही कळलं. त्याने परवा पोह्यांबरोबर एक मोरपीस पुढे केलं. ‘सर, ट्यूबलाइटपाशी अडकवा, पैसे नकोत,’ म्हणाला.

घडलं ते एवढंच. हॉलमधली ट्यूब फडफडत होती म्हणून मी स्टार्टर बदलायला स्टुलावर चढलो. इलेक्ट्रिशियनला बोलावू या, असं बायको म्हणत होती, पण स्टार्टरसारख्या गोष्टीला माणूस बोलावणं मला कमीपणाचं वाटतं. स्टार्टर फिरवला आणि पट्टीमागून पाल निघाली. निघाली ती सरळ माझ्या मनगटावरून चालत गेली. त्यानंतर मी स्टुलावर नव्हतो.

पडणारा माणूस हात पुढे टाकतो आणि मनगटाच्या वरचं हाड मोडून घेतो. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस नावाच्या शल्यविशारदाने १८१४ साली या मोडण्याचं वर्णन करून ठेवलं, म्हणून त्याला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. हे मला एक्स-रे बघताना डॉक्टरांनी सांगितलं. दोनशे वर्षांची परंपरा असलेलं काहीतरी आपण मोडून घेतलंय, याचं मला त्या अवस्थेतही बरं वाटलं. माणसाचा स्वभाव हाडाबरोबर मोडत नाही.

सगळा घोटाळा झाला तो कॅज्युअल्टीत. कोवळ्या डॉक्टरने विचारलं, ‘काका, पडलात कसे?’ मी खरं सांगणारच होतो. इतक्यात शेजारची सिस्टर म्हणाली, ‘सर, ओळखलंत का? तुम्ही आम्हाला एफवायला मराठी शिकवायचा. तो तानाजीचा तास मी अजून विसरले नाही.’

आता तानाजीचा तास म्हणजे काय, ते सांगायला हवं. कोंढाण्याच्या कड्यावर दोर घेऊन चढलेली यशवंती घोरपड मी वर्गात साभिनय चढवत असे. हाताची नखं टेबलाच्या कडेला रुतवून. तीस वर्षं ज्याने घोरपडीवर टाळ्या घेतल्या, तो पालीला बघून स्टुलावरून उडाला, हे त्या मुलीपुढे कसं सांगायचं? मी आवाज जरा खोल नेला आणि म्हणालो, ‘काही नाही, जरा चक्कर आल्यासारखं झालं.’

डॉक्टरने लिहून घेतलं. मला वाटलं, संपलं. कॅज्युअल्टीत जे लिहिलं जातं ते केस पेपरवर जातं, केस पेपरवरचं डिस्चार्ज समरीत जातं, आणि डिस्चार्ज समरी टीपीएकडे जाते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आपण बोललेलं कुणीतरी शब्दशः लिहून घ्यावं, ही माझी नोकरीभरची इच्छा होती. ती अशी पुरी झाली.

चक्कर म्हटल्यावर हॉस्पिटल स्वस्थ बसेना. ईसीजी झाला, फिजिशियन येऊन गेले, डोक्याचा सीटी स्कॅन झाला. स्कॅनचा रिपोर्ट आला: वयोमानानुसार मेंदूचं किंचित आकुंचन. डॉक्टर म्हणाले, साठीनंतर हे बहुतेकांचं असतं, लक्ष देऊ नका. मी लक्ष दिलं नाही. टीपीएने दिलं.

टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्या मधला माणूस. १९८६ साली सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला तेव्हा हा प्रकार नव्हता. आधी बिल भरा, मग कंपनीच्या पायऱ्या झिजवा, असा सरळ व्यवहार होता. २००१ मध्ये टीपीएंचे नियम झाले आणि पुढे कॅशलेस आलं. कॅशलेस या शब्दावर माझा इतका विश्वास होता की ऑपरेशनच्या दिवशी मी खिशात रिक्षापुरतेच पैसे नेले होते.

नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, २०२४ साली कंपन्यांना बजावलंय की कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्या आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्या. मोठ्या दिमाखात मी हे इन्शुरन्स डेस्कवरच्या मुलाला ऐकवलं. एका तासाच्या आत उत्तर आलंही. ‘सर, क्वेरी आलीय,’ तो म्हणाला. चक्कर किती वर्षांपासून येते? रक्तदाब आहे का? पूर्वी पक्षाघात? पहिल्यांदा ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांचा कागद जोडा.

जी चक्कर आलीच नव्हती तिचा पहिला कागद कुठून आणायचा? मी डेस्कवरच्या मुलाला म्हणालो, ‘पहिलीच वेळ आहे असं लिही.’ त्याने लिहिलं. मग पलीकडून निरोप आला की सध्याच्या कागदपत्रांवरून कॅशलेस देता येत नाही, मात्र कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं समजू नये. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा वाचलं. नकार देऊन वर तो नकार नाही म्हणणारं इतकं गुळगुळीत गद्य मी आमच्या विद्यापीठाच्या परिपत्रकातही वाचलेलं नाही.

बिल दीड लाखाच्या आतबाहेर झालं होतं. ते मुलीने बंगळुरूहून फोनवरून भरलं आणि मी हाताच्या झोळीसह घरी आलो.

यात खोलीचाही भाग आहे, तो सांगून टाकतो. माझी पॉलिसी तीन लाखांची, आणि खोलीचं भाडं रोज विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे तीन हजारांपर्यंत. शेअरिंगची खोली त्यात बसत होती. पण माझे विद्यार्थी भेटायला येतील, गर्दी होईल, शेजारच्या पेशंटला त्रास नको, असा विचार करून मी पाच हजारांची स्वतंत्र खोली घेतली. भेटायला एकच विद्यार्थी आला. तो त्याच हॉस्पिटलात बिलिंगला होता आणि डिपॉझिट मागायला आला होता.

घरी आल्यावर क्लेम फॉर्म. पार्ट ए आपण भरायचा, पार्ट बी हॉस्पिटलने. त्यासोबत मूळ डिस्चार्ज समरी, बिलाची फोड, औषधांच्या चिठ्ठ्या, ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या एक्स-रे फिल्म, हातात बसवलेल्या प्लेटचं स्टिकर, रद्द केलेला चेक. आणि सही. पॉलिसीवर आहे तशी.

माझी सही वळणदार आहे. शेवटी एक शेपटी जाते आणि तिच्याखाली दोन ठिपके. ती उजव्या हाताने येते, आणि उजव्या हातात टायटॅनियमची प्लेट होती. डाव्या हाताने केलेली सही बघून बायको म्हणाली, ‘ही तुमची म्हणून कुणी घेणार नाही.’ घेतली नाहीच. साक्षीदारांसमोर अंगठा द्या, असं कळवलं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत मी मुळशीच्या गावोगाव प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेतलेत. म्हाताऱ्या माणसांचे हात धरून त्यांचा अंगठा सोडवलाय. तो सगळा अंगठा या वयात माझ्याकडे परत आला. साक्षीदार म्हणून सोसायटीचा वॉचमन होता. त्याने खाली मराठीत लफ्फेदार सही ठोकली.

फॉर्ममध्ये ‘अपघात कसा घडला, थोडक्यात’ यासाठी दोन ओळी असतात. व्यावहारिक मराठीचा पेपर मी वर्षानुवर्षं शिकवला, तक्रार अर्जाला दहा गुण असत आणि मुद्देसूद लिहा म्हणून मी मुलांच्या मागे लागत असे. त्या दोन ओळींना मी फुलस्केपचं पुरवणी पान जोडलं. बायको लिहायला बसली होती. विशेषणं लिहायला तिने नकार दिला, तरी एक वाक्य मी आग्रहाने घातलं: ‘ती वैद्यकीय अर्थाने चक्कर नसून क्षणमात्र डोळ्यांपुढे अंधारी आली व सभोवतालचे भान हरपले.’

पुढचं पत्र आलं. भान किती वेळ हरपलं होतं? पूर्वी फिट्स आल्या आहेत का? ईईजी केला असल्यास रिपोर्ट जोडा. सीटी स्कॅनमधील आकुंचनाबाबत न्यूरोलॉजिस्टचा अभिप्राय जोडा. टीपीएच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती आणि तिला खाऊपिऊ मीच घालत होतो.

दरम्यान इकडूनतिकडून काही मिळतं का, ते पाहिलं. बँक माझ्या खात्यातून दरवर्षी वीस रुपये पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेसाठी कापते. पूर्वी बारा कापायची, २०२२ पासून वीस. दोन लाखांचा अपघात विमा आहे म्हणून मोठ्या आशेने शाखेत गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘काका, हात आहे ना?’ म्हटलं, आहे. ‘मग नाही मिळणार.’ योजना मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला आहे. पूर्ण हात गेला तर एक लाख. मोडून पुन्हा जुळणाऱ्या हाताला तिथे किंमत नाही. तिने चूक काहीच सांगितलं नव्हतं, पण बाहेर पडताना मी हात जरा मागे लपवला.

शेवटी मी ठरवलं, खरं सांगून टाकायचं. डॉक्टरांकडे गेलो, पालीची हकिगत सांगितली. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. प्रमाणपत्र लिहून दिलं. त्यात लिहिलं की रुग्णाच्या ‘आताच्या’ म्हणण्यानुसार पडण्याचं कारण घरातल्या पालीची भीती. तो ‘आताच्या’ नडला. टीपीएने कळवलं, जबाब बदलल्यामुळे प्रतिज्ञापत्र करून द्यावं.

शिवाजीनगर कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडे गेलो. शंभराचा स्टॅम्पपेपर २०२४ साली गेला, आता पाचशेचा. पाल त्या मानाने महागाईच्या काळात निघाली म्हणायची. टायपिस्टने विचारलं, ‘नाव बदल, जन्मतारीख, की वारस?’ मी हळूच म्हणालो, ‘पाल.’

त्याने चष्मा वर केला. सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे टाइप करू लागला. त्याची सवय मोठ्याने म्हणत टाइप करायची. ‘मी खाली सही करणार, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा सेवानिवृत्त, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर दिवशी मी राहते घरी स्टुलावर उभा असताना एक पाल, जिचा यापुढे सदर पाल असा उल्लेख करण्यात आला आहे…’ रांगेतले लोक पुढे सरकले. एक वकीलसाहेब फाइल काखेत मारून थांबले. ‘सदर पालीने मला कोणताही दंश अथवा इजा केलेली नाही. सदर पालीविषयी माझी कोणतीही तक्रार नाही.’ मी म्हटलं, हे कशाला? ‘राहू द्या,’ टायपिस्ट म्हणाला, ‘पुढे कुणी उपस्थित करायला नको.’ वकीलसाहेबांनी सुचवलं की पाल पाळीव नसल्याचंही नमूद करावं. ते नमूद झालं. नोटरीने वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, ‘हे सगळं खरं आहे?’ आयुष्यात इतकं खरं मी कधी लिहून दिलं नव्हतं. अंगठा उठवला.

त्यावर तपासनीस आला. बार्शीकडचा पोरगा होता, पाठीला बॅग, हातात मोबाइल. स्टुलाचा फोटो काढला, ट्यूबचा काढला, मग म्हणाला, ‘पाल कुठंय?’ ती दिवेलागणीला येते, असं बायकोने सांगितलं. त्याला पुढे कात्रजला जायचं होतं, तरी चहा घेत थांबला. गावाकडच्या क्लेमच्या गोष्टी सांगत बसला. बैलाने मारलेले, विहिरीत पडलेले, कडबा कुट्टीत बोटं गेलेले. ऐकताना माझं फ्रॅक्चर बारीक बारीक होत गेलं. ट्यूब लागली. एरवी वेळ चुकवत नाही अशी पाल त्या संध्याकाळी काही केल्या बाहेर आली नाही. जाताना त्याने समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली आणि सरांना फिट येताना कधी पाहिलंय का, असं विचारलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये काकू राहतात. सोसायटीत त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना काकूच म्हणतात. एका सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीतून क्लेम विभागातच त्या निवृत्त झाल्या. हे मला माहीत होतं. त्यांच्याकडे आधी का गेलो नाही, याचं कारण असं की मागे एकदा जिन्यात मी त्यांना विम्याच्या राष्ट्रीयीकरणावर बौद्धिक दिलं होतं. १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना तुमची कंपनी सरकारजमा झाली, वगैरे. काकूंनी भाजीची पिशवी खाली न ठेवता सांगितलं होतं, ‘ते आयुर्विम्याचं, सर. आमचं १९७३ ला झालं.’ तेव्हापासून मी लिफ्ट वापरतो.

तपासनीस गेल्यावर त्या स्वतःच आल्या. फाइल मागितली. चष्मा लावून उलट बाजूने, म्हणजे पॉलिसीपासून, वाचू लागल्या.

‘पॉलिसी कधीपासून?’

‘२०१२.’

‘खंड?’

‘एकदाही नाही.’

‘मग हे चक्कर आणि फिट काय लावलंय? सलग ६० महिने झाले की मोरॅटोरियम संपतो. जुना आजार लपवला म्हणून क्लेम अडवता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती, २०२४ पासून पाच. तुमची तर दोन्हींत बसते.’

मी म्हटलं, पण पडण्याचं कारण…

‘चक्कर येऊन पडलात काय नि पाल बघून पडलात काय, हाड मोडलंय ना? मेडिक्लेमला हाड लागतं. प्यायला नव्हतात ना? मुद्दाम उडी मारली नव्हतीत ना?’

उडी मी मारलीच होती, पण मुद्दाम नव्हे, हे मी शपथेवर सांगायला तयार होतो. काकू म्हणाल्या, आता शपथ पुरे.

म्हणजे चक्कर तशीच ठेवली असती तरी पैसे मिळाले असते. अंगठा, वकीलसाहेब, ‘सदर पाल’, बार्शीच्या पोराचा चहा, यांतलं काहीच लागत नव्हतं. मी विनाकारण स्वतःच्या खर्चाने, नोटरी करून, ती भीती जाहीर केली होती.

काकूंनी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. पाच ओळींचं. पॉलिसीची सुरुवात, सलग नूतनीकरण, क्लेम नंबर, मोरॅटोरियमचं कलम, आणि लेखी उत्तर द्यावं ही विनंती. मी शेवटी ‘आपला विश्वासू’च्या आधी एखादं वाक्य घालू का, असं विचारलं. त्यांनी कागद माझ्यापासून लांब ठेवला. पुढची पायरी त्यांनी तयार ठेवली होती: एक महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार घेतात. वकील चालत नाही हे ऐकून मला थोडा हुरूप आला होता, तो काकूंनी नजरेनेच मोडला.

तिथवर जावं लागलं नाही. क्लेम मंजूर झाला. सोबत कपातीचा तक्ता आला आणि माझं खरं वाचन तेव्हा सुरू झालं. विम्यात न मिळणाऱ्या वस्तूंची एक यादी आहे, ६८ वस्तूंची. तिच्यात सौंदर्योपचार आहेत, टेलिफोन आहे, शवागाराचं भाडं आहे. इथवर माझी हरकत नव्हती. पण त्याच यादीत क्रेप बँडेज आहे, स्प्लिंट आहे, हात अडकवायची झोळी आहे आणि हातमोजे आहेत. फ्रॅक्चरवाल्याने हाड दाखवावं, ते बांधू नये, असा एकूण रोख दिसतो. डॉक्टरांनी माझं ऑपरेशन हातमोजे घालून केलं, तो त्यांचा आणि माझा खासगी मामला ठरला.

खोलीचंही आलंच. पाच हजारांच्या खोलीत तीन हजारांचा माणूस राहिला, म्हणून त्याच प्रमाणात सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, सगळ्याला कात्री. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेली वस्तू यांना ही कात्री लावता येत नाही, असं २०२० च्या नियमात आहे. त्यामुळे सगळ्या बिलात पूर्ण मान मिळाला तो प्लेटला. तपासण्यांचं मात्र वेगळं झालं. सीटी स्कॅन आणि ईसीजी ‘सदर दुखापतीशी संबंधित नाही’ म्हणून पूर्ण नामंजूर. मी काकूंना म्हटलं, यावर भांडू या. त्या म्हणाल्या, ‘पालीचं प्रतिज्ञापत्र तुम्हीच दिलंयत. चक्कर नव्हती असं शपथेवर सांगितल्यावर डोकं कशाला तपासलं, हे त्यांनी विचारलं तर बरोबरच आहे.’

प्लेट अजून मनगटात आहे. काढायची की राहू द्यायची, ते डॉक्टर सांगणार आहेत. काढायची ठरली तर शेअरिंगची खोली घ्यायची, फॉर्म काकूंनी भरायचा आणि कॅज्युअल्टीत, ओपीडीत किंवा लिफ्टमध्ये कुणी काही विचारलं तर बायकोने बोलायचं, असं घरात ठरलं आहे.